हेड खोलण्याआधी

“सेल्फ मारू नका. न्यूट्रल करा आणि ढकलत आत घ्या.”

मे महिन्यातली दुपार, परभणीच्या जिंतूर रस्त्यावरचं एक गॅरेज. दोरीने ओढत आणलेली सात आसनी डिझेल गाडी दारात उभी होती. ड्रायव्हर गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावकडून लग्नाची माणसं घेऊन निघाला होता. चढावर काटा लाल रेषेला गेला, बोनेटमधून वाफ आली. त्याने गाडी थांबवली, थोड्या वेळाने बाटल्यांतलं पाणी ओतलं आणि पुन्हा काढली. परभणी जवळ आल्यावर गाडी बंद पडली. रस्त्यात कुणीतरी सांगून टाकलं होतं की हेड गॅस्केट उडालं. त्यामुळे गॅरेजमध्ये शिरताना ड्रायव्हरच्या तोंडी रोगाचं नाव तयार होतं, आणि त्याने पहिला प्रश्न केला तो खर्चाचा.

मिस्त्रींनी खर्च सांगितला नाही. सेल्फ का मारायचा नाही, तेवढं सांगितलं. गॅस्केट खरंच गेलं असेल तर सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असू शकतं. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन जोराने वर आला आणि वर पाणी भरलेलं असलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हेडचं काम पूर्ण इंजिनाच्या कामावर जातं. म्हणून आधी ग्लो प्लग काढले, क्रँकच्या पुलीला पाना लावला आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. एका भोकातून थोडं पाणी बाहेर आलं.

संपादकांनी यंदा ‘निदान’ हा विषय दिला, तेव्हा दवाखान्यांवर आणि माती परीक्षणावर लिहिणारे पुष्कळ असतील हे उघड होतं. मी गॅरेज निवडलं. परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, पालम या भागात प्रवासी जीप, छोटा हत्ती, दुधाच्या गाड्या आणि उसाचे ट्रॅक्टर यांवर कितीतरी घरं चालतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या हप्त्यावर असतात. अशा माणसाला ‘हेड खोलावं लागेल’ हे वाक्य ऐकवणं ही गंभीर गोष्ट आहे. ते खरं आहे की नाही हे हेड उतरवायच्या आधी कसं ठरवतात, हे मला बघायचं होतं.

आधी प्रश्न

चांगला मिस्त्री आधी बराच वेळ नुसतं विचारतो. “गरम कुठं व्हायलीय? चौकात उभी असताना का रस्त्यावर पळताना?” या एका उत्तरावर अर्धी दिशा ठरते. उभ्या गाडीत तापणारं आणि पळताना शांत होणारं इंजिन बहुतेक वेळा पंख्याकडे बोट दाखवतं. मोटर, रिले, सेन्सर किंवा जुन्या गाड्यांत पंख्याचा क्लच. गाडी पळत असली की रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, पंख्याचं दुखणं झाकलं जातं. याउलट भरल्या गाडीत, चढावर, वेगात तापणारं इंजिन सांगतं की पाणी पुरेसं फिरत नाही, रेडिएटर आतून चोक झाला आहे, किंवा पाण्यात कुठून तरी वायू घुसतो आहे.

मग पाण्याचा हिशेब. किती दिवसांनी टाकावं लागतं? सकाळी गाडीखाली ओल असते का? पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं लागतं का? कार्पेट ओलं असेल तर हीटरची जाळी फुटलेली असते. पाणी रोज कमी होतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही, तेव्हाच संशय इंजिनाच्या आत वळतो. पुढचा प्रश्न सकाळचा. पहिला सेल्फ मारल्यावर गाडी मिसिंग करते आणि मिनिटभरात सुधारते का? याचं महत्त्व पुढे कळेल.

सगळ्यात मोलाचा प्रश्न मात्र मालक बाजूला गेल्यावर विचारला जातो. काटा लाल झाल्यावर गाडी किती पळवली? ड्रायव्हर मालकासमोर कधीच खरं सांगत नाही, कारण प्रश्न त्याच्या नोकरीचा असतो. मिस्त्री त्याला टपरीपर्यंत घेऊन जातात आणि तिथे विचारतात. मला ही रीत फार शहाणपणाची वाटली. हेड किती वाकलं असेल याचा अंदाज त्या उत्तरातच असतो.

तीन वाटा आणि एक पत्रा

इंजिनाच्या खालच्या भागाला ब्लॉक म्हणतात. त्यात पिस्टन चालतात. वरच्या भागाला हेड म्हणतात, त्यात वॉल्व असतात. दोन्हींच्या मध्ये साधारण एक-दीड मिलिमीटर जाडीचं गॅस्केट बसतं. पूर्वी ते तांबं आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं असायचं, मग ग्राफाइटचं आलं, आता बहुतेक गाड्यांत स्टीलचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून केलेलं असतं. त्यातून तीन वेगळ्या वाटा जातात: जळणाऱ्या वायूची, थंड करणाऱ्या पाण्याची आणि ऑइलची. या तिन्ही एकमेकींत मिसळू न देणं एवढंच त्याचं काम.

पण दाब किती वेगवेगळे! टर्बो डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जळणाच्या क्षणी दाब १५० बारच्या पुढे जातो. ऑइलचा दाब काही बार, आणि पाण्याचा जेमतेम एक. म्हणून गॅस्केट सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमध्ये फाटलं की चालू इंजिनात वायू पाण्यात घुसतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाइप फुगून दगडासारखे कडक होतात, पाणी बाहेर फेकलं जातं. गाडी गरम अवस्थेत बंद केली की उलटं होतं. सिलिंडरमधला दाब संपतो, पाण्यातला थोडा वेळ टिकतो आणि पाणी हळूहळू सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळचं मिसिंग आणि पांढरा धूर येतो तो त्या पाण्याचा.

गॅस्केट आपणहून क्वचितच मरतं. ब्लॉक बऱ्याच इंजिनांत बिडाचा असतो आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. रोजच्या तापमानाला ही ओढाताण गॅस्केट सहन करतं. इंजिन अतितापलं की हेड फुगू बघतं, बोल्ट त्याला धरून ठेवतात, आणि ते मधे बाक घेतं. म्हणजे ‘गॅस्केट गेलं’ हे निदान अर्धंच आहे. ते कशामुळे गेलं हे सापडलं नाही, तर नवीनही त्याच वाटेने जातं.

फसवणाऱ्या खुणा

पांढरा धूर, दुधाळ ऑइल आणि कमी होणारं पाणी या तीन खुणा सगळ्यांना पाठ आहेत, आणि तिन्ही फसवतात.

परभणीचा हिवाळा कडक असतो. मराठवाड्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा नेहमी असतो. अशा सकाळी चांगल्या गाडीच्या सायलेन्सरमधूनही वाफ निघते, पाण्याचे थेंब पडतात. घर ते बाजार एवढीच फिरणारी गाडी पुरती तापत नाही, आतला दमटपणा ऑइलच्या झाकणाखाली जमतो आणि तिथे सायीसारखा पांढुरका थर दिसतो. तेवढ्यावर हेड खोललेली उदाहरणं मिस्त्री सांगतात. उपाय सोपा आहे. डिपस्टिक बघायची. झाकणाखाली साय आणि डिपस्टिकवर स्वच्छ ऑइल असेल, तर गाडी तास-दीड तास मोठ्या रस्त्यावर फिरवून आणायची आणि पुन्हा बघायचं.

ट्रॅक्टरचं वेगळं. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या इंजिनात लायनर थेट पाण्यात उभे असतात आणि खालच्या बाजूला रबरी रिंगा पाणी अडवतात. त्या रिंगा गेल्या की पाणी सरळ ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. ऑइल दुधाळ होतं, पण हेड गॅस्केट शाबूत असतं. उसाच्या हंगामात घाईने हेड उघडून, नवीन गॅस्केट टाकून, आठवड्यात पुन्हा दुधाळ ऑइल बघणं हा शेतकऱ्याच्या वाट्याला येणारा भुर्दंड इथूनच येतो. काही इंजिनांत ऑइल कूलर फुटूनही ऑइल आणि पाणी एकत्र होतं.

नव्या डिझेल गाड्यांत आणखी एक जागा आहे, ईजीआर कूलर. धुराचा काही भाग परत इंजिनात घेताना तो पाण्याने थंड केला जातो. या कूलरला आतून चीर गेली की पाणी धुराच्या वाटेने जळून जातं. पांढरा धूर येतो, पाणी कमी होतं, बाहेर गळती नसते. सगळं वर्णन हेड गॅस्केटचं. मी गॅरेजमध्ये असताना अशीच एक गाडी आली. तिला दुसरीकडे हेड खोलायला सांगितलं होतं. इथे मिस्त्रींनी कूलरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून त्याला वगळून जोडल्या आणि थोडे दिवस चालवून बघायला सांगितलं. पाणी कमी होणं थांबलं. कूलर बदलला, हेडला हात लागला नाही.

धुराच्या वासाचंही ऐकावं लागतं. कूलंटची वाफ गोडसर असते. न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर डोळ्यांत झोंबतो आणि तो बहुधा इंजेक्टरचा असतो. काही जुने लोक रेडिएटरचं पाणी जिभेला लावून बघतात. ते कृपया कुणी करू नये. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. गॅरेजच्या कोपऱ्यात उघड्या डब्यात ठेवलेलं कूलंट कुत्री पितात आणि मरतात, लहान मुलांनाही तोच धोका आहे.

पिशवी फुगते

आता राणीसावरगावच्या गाडीकडे. सिलिंडरमध्ये पाणी मिळालं होतं, पण ते गॅस्केटमधून आलं की हेडच्या चिरेतून की ईजीआरच्या वाटेने, हे ठरायचं होतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडलं. थंड होण्याची वाट बघणं ही पहिली शिस्त. रेडिएटरची यंत्रणा प्रेशर कुकरसारखी बंद असते. झाकणाच्या स्प्रिंगमुळे आत सुमारे एक बार जादा दाब राहतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. गरम असताना झाकण फिरवलं की दाब सुटतो, आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. चेहरा आणि हात भाजलेली माणसं याच चुकीची असतात. शिवाय झाकणाची स्प्रिंग ढिली झाली तर पाणी शंभरलाच उकळायला लागतं. काहीशे रुपयांचं झाकण बदलून बरी झालेली गाडीही ‘हेड गॅस्केट’ म्हणूनच आलेली असते.

पाणी काठोकाठ भरलं. रेडिएटरच्या तोंडावर एक पातळ पिशवी रबराने घट्ट बांधली आणि इंजिन चालू केलं. थंड इंजिनात पाणी उकळायचा प्रश्नच नाही, हवेला यायला दुसरी वाट नाही. तरी पिशवी फुगू लागली, एक्सिलेटर दाबला तशी अधिक. नव्याने पाणी भरल्यावर अडकलेली हवा काही वेळ बाहेर येते, म्हणून त्यांनी पिशवी काढून पुन्हा बांधली. ती पुन्हा फुगली.

पिशवीतली हवा म्हणजे सिलिंडरचा वायू याची खात्री निळ्या द्रवाने होते. या द्रवात ब्रोमोथायमॉल ब्लू असतं आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की तो पिवळा पडतो. रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका काचेच्या नळीतून या द्रवातून ओढायची. नळीत पाणी चढलं तर चाचणी वाया जाते, म्हणून आधी थोडं पाणी काढून घ्यावं लागतं. डिझेल इंजिन नुसतं उभं चालताना हवा भरपूर आणि इंधन थोडं घेतं, त्याच्या धुरात हा वायू कमी असतो. त्यामुळे डिझेलला रेस देऊन, दम धरून चाचणी घ्यावी लागते. घाईत निळा राहिलेला द्रव बघून ‘गॅस्केट चांगलं’ म्हणणं तितकंच चुकीचं.

जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल गाड्यांत यापेक्षा सुंदर युक्ती आहे. बुडबुडे येत असताना एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायचा. त्या सिलिंडरचं जळण थांबतं. ज्या सिलिंडरला बुडबुडे कमी होतात, दोषी तोच. मात्र ही युक्ती कॉमन रेल गाडीवर कुणीही, कधीही करू नये. तिथे पाइपमध्ये १,६०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. सुईएवढी धार कातडी फोडून आत जाते, आणि हात कापावा लागण्यापर्यंत पाळी येऊ शकते. उस्तादाकडून पाहून शिकलेल्या पोरांना हा फरक सांगणारं कुणी नसेल, तर जुनं कौशल्यच घात करतं.

शेवटी कॉम्प्रेशन गेज. चांगल्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडर साधारण २५ ते ३० बार दाखवतो, पेट्रोलमध्ये १० ते १३. नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बोलतो. शेजारशेजारचे दोन एकदम कमी निघाले, तर त्यांच्यामधल्या गॅस्केटच्या चिंचोळ्या पट्टीवर संशय पक्का होतो. या गाडीत दोन आणि तीन नंबर पडले होते. मग मिस्त्रींनी ड्रायव्हरला मालकाला फोन लावायला सांगितला.

इथलं पाणी, इथलं ऊन

मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो. बाहेरची हवाच इतकी तापलेली असली की रेडिएटरने उष्णता द्यायची कुणाला? यंत्रणेत जी थोडी कुचंबणा हिवाळ्यात खपून जाते ती उन्हाळ्यात उघडी पडते. रेडिएटर आणि एसीची जाळी यांच्या फटीत काळ्या मातीची धूळ आणि पाचटाचे तुकडे जमून थर होतो. समोरून बघताना तो दिसतही नाही.

पण खरा शत्रू पाणी. हा सगळा काळ्या बेसाल्टचा मुलूख, आणि बोअरचं पाणी क्षारांचं. घरोघरी प्यायला जारचं पाणी घेतात आणि रेडिएटरला बोअरचं घालतात. क्षार सगळ्यात आधी बसतात ते सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्वच्या भोवती. जिथे थंडावा सर्वाधिक हवा नेमका तिथेच थर. उरलेला रेडिएटरच्या नळ्यांत. कूलंटबद्दल सांगितलं तर उत्तर येतं, “इथं कुठं बर्फ पडतोय?” बर्फाचा संबंध आपल्याकडे नाहीच. आपल्याला कूलंट हवं ते गंज आणि क्षार थांबवायला, आणि उकळण्याचा बिंदू वर न्यायला. त्यात मिसळायला डिस्टिल्ड पाणी लागतं. ते बॅटरीसाठी कुठल्याही दुकानात मिळतंच.

इथल्या दोन सवयी मला मनापासून चुकीच्या वाटतात. पहिली, गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणं. शेजारच्या वसमत-हिंगोलीकडे हळदीचा मोठा बाजार आहे, पण तिची जागा रेडिएटर नव्हे. बारीक गळती थांबते हे खरं, पण तोच गाळ अरुंद नळ्या बुजवतो. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं ठीक, पुढे सगळं धुवून काढायलाच हवं. दुसरी, उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून टाकणं. थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि बऱ्याच इंजिनांत उघडताना रेडिएटरला वगळणारी आडवाट बंद करतो. तो काढला की ती आडवाट कायम उघडी राहते, काही पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं, आणि ज्या उन्हासाठी तो काढला त्याच उन्हात चढावर इंजिन तापतं. एरवी ते पुरेसं तापत नाही, इंधन जादा खातं आणि झिजतं.

राणीसावरगावच्या गाडीत थर्मोस्टॅट नव्हताच. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी, इंजिन थोडं तापल्यावर, तापमानाची बंदूक रेडिएटरवर फिरवली होती. वरचा भाग गरम आणि खालचा जवळपास थंड. म्हणजे खालच्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर असते तर रेडिएटरवाल्याने टाक्या उघडून, नळ्यांत सळई घालून, पुन्हा झाळून दिले असते. अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या रेडिएटरला तसं करता येत नाही. नवा घ्यावा लागला.

पट्टी आणि फीलर गेज

हेड उतरलं तेव्हा गॅस्केटवर दोन आणि तीन सिलिंडरांच्या मधली पट्टी जळून काळी झालेली दिसली आणि तिथून पाण्याच्या भोकापर्यंत एक रेघ गेली होती. चाचण्यांनी सांगितलं होतं तेच. पण हेड उघडल्यावरही तपास संपत नाही. सरळ पोलादी पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी सरकते का ते बघतात. सरकली तर बहुतेक हेडांना बाक आलेला असतो. मग लेथवाल्याकडे फेसिंग. तिथेही आधी हेडमध्ये दाबाची हवा भरून, गरम पाण्यात बुडवून चीर शोधायला हवी. चिरलेल्या हेडचं फेसिंग म्हणजे पैसे पाण्यात. आणि काही डिझेल हेडांना कंपनी फेसिंगची परवानगीच देत नाही, हे पुस्तक उघडून बघावं लागतं.

डिझेल गॅस्केट एकाच मॉडेलसाठी वेगवेगळ्या जाडीत येतात. कडेला खाचा किंवा भोकं असतात, ती मोजायची. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावर जाडी ठरते. दुकानदाराने ‘चालतंय’ म्हणून दिलेलं गॅस्केट पातळ निघालं तर पिस्टन वॉल्वला भिडू शकतो. बोल्टांचंही तसंच. आजच्या बऱ्याच इंजिनांत बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, आधी टॉर्क पान्याने, मग ठरावीक अंशांनी फिरवून. ते पुन्हा वापरायचे नसतात. नव्या बोल्टांचे पैसे वाचवणं हा पुन्हा गॅस्केट जाण्याचा नेहमीचा रस्ता आहे. बोल्टांच्या भोकांत ऑइल किंवा पाणी राहिलं तर आवळताना ते दबत नाही आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. म्हणून भोकं हवा मारून कोरडी करायची. हे काम इथे एका पंधरा-सोळा वर्षांच्या दिसणाऱ्या मुलाकडे होतं आणि तो ते फार लक्ष देऊन करत होता.

तपासणीचे पैसे

हे मूल शाळेत असायला हवं होतं, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. कॉम्प्रेशन गेज कसं वाचायचं ते तिथे शिकवतात. गॅरेजमध्ये आल्यावर प्रश्न उरतो तो त्या गेजला कामाला लावणारं गिऱ्हाईक मिळण्याचा.

कारण आपण पैसे देतो ते पार्टचे आणि पाने फिरवण्याचे. “हेड खोललं तर मजुरी, नाही खोललं तर चहा,” असं मिस्त्री म्हणाले. ईजीआर कूलरच्या गाडीवर त्यांचा सगळ्यात जास्त विचार खर्च झाला आणि मजुरी सगळ्यात कमी मिळाली. सचोटीने निदान करणाऱ्या माणसाला आपणच तोट्यात ठेवतो, आणि मग ‘गॅरेजवाले फसवतात’ अशी तक्रार करतो. परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथे एका हेडच्या कामात कुटुंबाची महिन्याची कमाई जाऊ शकते, तिथे तपासणीचे वेगळे पैसे देणं गिऱ्हाइकाच्याच हिताचं आहे. गाडी सोपवताना एवढंच विचारावं: हेड खोलायच्या आधी कुठल्या चाचण्या करणार, आणि त्यांचे किती?

गाडी जोडून झाल्यावर नवा थर्मोस्टॅट बसला, डिस्टिल्ड पाण्यात कालवलेलं कूलंट भरलं, वरच्या नळीतून हवा काढली. पंखा दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. मालक सोनपेठहून आला होता. त्याने बिल वरपासून खालपर्यंत वाचलं आणि ‘तपासणी’ या ओळीवर बोट ठेवून ती काढायला सांगितली. मिस्त्रींनी तेवढी रक्कम मजुरीतून कमी केली, ओळ तशीच राहू दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारण्याआधी, गाडी थंड असतानाच, पाण्याची पातळी बघून फोन करायला सांगितलं.